सेल्फ मारला आणि नुसतं ‘टक्’: नवी बॅटरी घ्यायच्या आधी काय बघायचं

फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘ताई, गाडी स्टार्ट होत नाहीये, येताना बॅटरी घेऊन या.’ निदान झालेलं, औषधही ठरलेलं, मी फक्त पोचवायचं. मी उलट एकच विचारते. सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतंय का?

कारण दुखणी दोन आहेत. इंजिन खर्र खर्र करत नेहमीच्या वेगाने फिरतंय, पण चालू होत नाहीये, तर बॅटरी आणि सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, आपलं काम करताहेत. गडबड पेट्रोलची, स्पार्कची नाहीतर एखाद्या सेन्सरची. त्यात मी इथे शिरणार नाही. चावी फिरवली किंवा बटण दाबलं आणि इंजिन जागचं हललंच नाही, एकदाच ‘टक्’ झालं, किंवा कटकटकटकट वाजत राहिलं, किंवा काहीच झालं नाही, अशा गाडीसाठी हे लिहिते आहे. पुण्यात धायरीत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. सासरे नाना पेठेत सेल्फची आणि डायनामोची आर्मेचर (मोटरचा तारा गुंडाळलेला फिरणारा गाभा) भरायचे, त्यांच्या हाताखाली शिकले. त्यामुळे सेल्फकडे बघायची सवय जुनी, बॅटऱ्या विकायची त्या मानाने नवीन.

पुढचं सगळं ज्याच्यावर उभं आहे ते आधीच सांगते. गाडी नुसती उभी असताना बॅटरीवर किती व्होल्ट दिसतात, यावरून फार काही कळत नाही. सेल्फ मारत असताना तो आकडा किती खाली येतो ते बघायचं. फार खाली आला तर बॅटरी दमलीय, किंवा पुढे काहीतरी जाम आहे. अजिबात खाली आला नाही तर करंट सेल्फपर्यंत जातच नाहीये. खालचा संप काठोकाठ भरलेला आणि वरच्या टाकीला थेंब नाही, तसला प्रकार. तिथे दुसरा संप बांधून काय होणार?

सामान फार लागत नाही. डिजिटल मल्टिमीटर, बुधवार पेठेत तपकीर गल्लीत तीन-चारशे रुपयांत बरा मिळतो. टर्मिनलचा पाना, बहुतेक गाड्यांना १० नंबर. टॉर्च, पॉलिश पेपरचा तुकडा, शक्यतो एक टेस्ट लॅम्प, म्हणजे वायरीत वीज आली की लागणारा छोटा दिवा. आणि चावी फिरवायला घरातलं कोणीतरी, कारण मीटर धरून आत बसून सेल्फ मारायला हात पुरत नाहीत. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकामागे वीट. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पाना प्लसवर असताना अंगठी बॉडीला टेकली तर अंगठी लाल व्हायला क्षणही लागत नाही, आणि ती बोटातच असते. ओढणी, सैल बाही खोचून घ्या. गाडी स्ट्राँग हायब्रिड असेल तर बोनेटखालच्या नारिंगी वायरींच्या जवळपासही जाऊ नका, सरळ कंपनीच्या वर्कशॉपला फोन करा.

बोनेट न उघडता

आधी फुकटातल्या गोष्टी. बऱ्याच नव्या मॅन्युअल गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फच देत नाहीत. पायाखालची मॅट सरकून पेडलमागे दुमडली तरी क्लच तळाला जात नाही, आणि तेवढ्यावर गाडी मुकी होते. ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’मध्ये नसल्यास ‘एन’मध्ये टाकून बघा. गिअर लिव्हरची जागा सांगणारा स्विच झिजला की ‘पी’मध्ये सेल्फ मिळत नाही, ‘एन’मध्ये मिळतो. एएमटीला (मॅन्युअलचीच गिअरबॉक्स, पण क्लच-गिअर गाडी स्वतः बदलते) ब्रेक नीट दाबलेला लागतो, अर्धवट नाही. बटणवाली गाडी ‘चावी सापडत नाही’ म्हणत असेल तर रिमोटमधला सेल संपलाय. बहुतेक रिमोटांत सीआर२०३२ असतो, किराणा दुकानातसुद्धा मिळतो. तोवर रिमोटच स्टार्ट बटणाला टेकवून दाबा, पुष्कळ गाड्या अशा चालू होतात. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चित्र भराभर लुकलुकत असेल तर इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी यंत्रणा, चावी ओळखत नाहीये. दुसरी चावी लावून बघा. काही गाड्यांत इमोबिलायझर सेल्फ अडवतो, काहींत इंजिन फिरू देतो पण पेट्रोल तोडतो.

आता हेडलाइट. ही परीक्षा सासऱ्यांच्या काळातली आहे, आणि मीटर आला तरी मी ती सोडलेली नाही. गाडी भिंतीकडे तोंड करून उभी असेल तर उत्तम, सोसायटीच्या पार्किंगमध्ये बहुधा असतेच. लाइट लावा, भिंतीवरचा उजेड बघत सेल्फ मारा, आणि कान उघडे ठेवा.

उजेड आधीपासूनच मिणमिणता, किंवा लाइट लागतच नाहीत: बॅटरी बसली, नाहीतर टर्मिनल सुटलंय.

उजेड चांगला, पण सेल्फ मारताच एकदम गुडूप, आणि बोनेटखालून कटकटकटकट. सोलेनॉइड, म्हणजे सेल्फवरचा विजेचा खटका, खेचला जातो, करंट ओढला की व्होल्टेज कोसळतो, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत येतो, पुन्हा खेचला जातो. म्हणून ती कटकट. बॅटरी अशक्त, किंवा टर्मिनल मळलेलं. शंभरातल्या बहुतेक गाड्या इथेच सापडतात, हे बॅटरीवाल्यांच्या बाजूनेही सांगायला हवं.

उजेड जसाच्या तसा, आवाज काहीच नाही. सेल्फला ‘फिर’ हा हुकूमच पोचत नाहीये. क्लचचा स्विच, रिले (बारीक करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच), फ्यूज, इग्निशन स्विच, किंवा उंदराने कुरतडलेली बारीक वायर.

उजेड जसाच्या तसा आणि एकच ‘टक्’. हुकूम पोचला, सोलेनॉइडने आपलं काम केलं, पण मोटरमधून करंट गेला नाही. सेल्फचे कार्बन, म्हणजे फिरत्या आर्मेचरला टेकून करंट देणारे तुकडे, संपलेत, सोलेनॉइडच्या आतले कॉन्टॅक्ट जळलेत, किंवा जाड वायरीत नाहीतर अर्थिंगमध्ये, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे परतणाऱ्या वाटेत, कुठेतरी वाट तुटलीय.

आणि शेवटचा प्रकार, एक जड ‘ठक्’ आणि उजेड पार खाली. मोटर जोर लावतेय, पण फिरत नाहीये. एकतर बॅटरीत तेवढा दम नाही, किंवा सेल्फ जाम, किंवा इंजिनच जाम. पावसाळ्यात हा आवाज आला तर पुन्हा चावी फिरवू नका, आधी खाली पाण्याबद्दल लिहिलंय ते वाचा.

नव्या गाड्यांत एलईडी लाइट असतील तर उजेडाचा फरक इतका कळत नाही. तिथे आतला, छतावरचा बल्ब बघा, किंवा डॅशबोर्ड. सेल्फ मारताच स्टेअरिंग, एबीएस, एअरबॅग सगळ्यांचे दिवे एकदम पेटले किंवा काटे नाचले तर व्होल्टेज कोसळतोय. एरवी कोणी घाबरून सांगतं की गाडीत एकदम पाच बिघाड झालेत. बिघाड एकच असतो.

बॅटरी

मीटर २० व्होल्ट डीसीवर. लाल टोक प्लसला, काळं मायनसला, तेही वरच्या क्लॅम्पला नाही, मधल्या शिशाच्या खुंटाला. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा फुगलेला दिसतो, म्हणून हेडलाइट मिनिट-दोन मिनिटं लावून बंद करा आणि मग मोजा. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ म्हणजे तळ जवळ आलाय. ११.९च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, मगच तिच्याबद्दल मत बनवा. बसलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी यांत फरक आहे, आणि तो चार्ज केल्याशिवाय कळत नाही.

आता खरा आकडा. मीटर तसाच धरून कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. निरोगी बॅटरी दहा-अकरा व्होल्टच्या आसपास टिकते. ९.६च्या खाली उतरली तर संशय घ्या. उभी असताना १२.५ दाखवणारी आणि सेल्फ मारताच सहा-सातवर आपटणारी बॅटरी म्हणजे आतला एखादा सेल गेलेला. तिला चार्ज करत बसण्यात अर्थ नाही. आणि आकडा १२च्या आसपासच राहिला, इंजिन मात्र फिरलं नाही, तर बॅटरीला हात लावू नका. ती निर्दोष आहे असं नाही, पण आज अडवणूक तिची नाही.

बॅटरीवरचा तो हिरवा डोळा मी मनावर घेत नाही. तो सहापैकी एकाच सेलची हकीकत सांगतो. बाकीच्या पाचांत काय चाललंय ते त्याच्या गावीही नसतं. वय मात्र बघा. तीन ते पाच वर्षं झाली की बॅटरीवर नजर ठेवायची. लोकांना वाटतं बॅटरी थंडीत मरते, कारण डिसेंबर-जानेवारीत पाषाण, एनडीएच्या बाजूला पारा खाली गेला की सकाळी सकाळी फोन येतात. मरते ती एप्रिल-मेच्या उन्हात. गरमीने आतल्या प्लेटी खराब होतात, पाणी उडतं. थंडीत इंजिन ऑइल घट्ट झालेलं असतं, बॅटरीची ताकद थोडी कमी होते, आणि उन्हाळ्यात झालेलं नुकसान तेव्हा बाहेर पडतं.

टर्मिनल आणि अर्थिंग

टर्मिनल हाताने धरून पिळा. जोर लावून नाही, साधं. हललं तर सैल आहे, आणि तेवढ्यावरही गाडी अडते. पांढरा, निळसर-हिरवा भुरा साठलेला असेल तर तो दिसतोच. न दिसणारा प्रकार जास्त वाईट. वरून चकचकीत क्लॅम्प आणि आतून, खुंटाला टेकतो त्या जागी, काळा थर. तो पकडायची युक्ती अशी: मीटरचं एक टोक शिशाच्या खुंटाला, दुसरं त्याच खुंटावरच्या क्लॅम्पला, आणि सेल्फ मारा. दोन्ही एकमेकांना चिकटलेले, म्हणजे मीटरवर जवळजवळ शून्य दिसायला हवं. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर चोर तिथेच आहे.

साफ करताना आधी मायनस काढायचा, मग प्लस. लावताना आधी प्लस, शेवटी मायनस. उकळत्या पाण्यात खाण्याचा सोडा घालून ओता, भुरा फसफसून निघून जातो. सेलची झाकणं उघडी असतील तर हे पाणी आत जाता कामा नये. कोरडं पुसा, खुंट आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने घासा, आवळा, आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. आधी आवळायचं, मग व्हॅसलीन. बॅटरी काढली की काचांचं ऑटो बंद-उघड आणि घड्याळ पुन्हा सेट करावं लागतं. काही स्टिरिओ कोड मागतात, तो आधी शोधून ठेवा.

अर्थिंगबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे लोकांचे सर्वांत जास्त पैसे वाया जातात. वडगाव बुद्रुकच्या एका सोसायटीत एका काकांची जुनी हॅचबॅक होती, केबलच्या क्लचची. लक्षण, एकच ‘टक्’, कधी लागते, कधी नाही. वर्षाच्या आत त्यांनी दोन बॅटऱ्या घेतल्या होत्या. दोन्ही वेळा बॅटरी बसवताना वायरी हलल्या, गाडी लागली, सगळे खूश. पुन्हा तेच.

‘ताई, तिसरी लावायची का आता?’ काका म्हणाले. आवाजात राग कमी, थकवा जास्त.

‘काका, सेल्फ मारा. मी सांगेपर्यंत धरून ठेवा.’

बॅटरीच्या खुंटांवर मीटर, १२.४चा १२.१ झाला. एवढी बॅटरी आणि एवढाच उतार, म्हणजे करंट निघालाच नाही. मग काळं टोक बॅटरीच्या मायनस खुंटाला ठेवलं आणि लाल टोक इंजिनच्या कोऱ्या धातूला, रंग नसलेल्या बोल्टच्या डोक्यावर. काकांनी पुन्हा चावी फिरवली. इथे दशांश दोनच्या वर काही दिसायला नको. मीटरवर पाच व्होल्टच्या वर होते. मी क्लचच्या केबलला हात लावला, ती कोमट लागली. इंजिनमधून परत यायला करंटला नीट रस्ता नव्हता, म्हणून तो मिळेल तिथून, क्लचच्या केबलमधून बॉडीत जात होता. काकांनी सांगितलं की क्लच हल्ली जड झालाय, त्याचं वेगळं एस्टिमेट कोणीतरी दिलंय.

गिअरबॉक्सवर बोल्टने आवळलेली अर्थिंगची वायर बाहेरून ठीकच दिसत होती. बोल्ट काढून लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, वाकवला तर रबराच्या आत तांब्याचा हिरवा चुरा, सात-आठ तारा शाबूत. खात्रीसाठी जंपर केबलचा एक चिमटा बॅटरीच्या मायनसला आणि दुसरा थेट इंजिनला लावला. गाडी पहिल्या हाताला लागली. काकांनी ती बंद करून पुन्हा लावली, मग आणखी एकदा. नवी वायर आणि दोन लग, खर्च काही शेकड्यांत. क्लचची केबल मात्र आतून तापून गेली होती, ती बदलावीच लागली.

हाच खेळ प्लसच्या बाजूलाही खेळता येतो. लाल टोक बॅटरीच्या प्लस खुंटाला, काळं सेल्फवरच्या जाड बोल्टला, सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. त्याहून जास्त म्हणजे त्या वायरीत किंवा तिच्या टोकांत दोष. वायर बाहेरून बघून काही ठरवू नका.

हुकूम न पोचणारी गाडी

आवाजच नसेल तर फ्यूज बॉक्स उघडा. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो. स्टार्टरचा रिले शोधा. शेजारी हॉर्नचा रिले बहुतेकदा त्याच नंबरचा असतो. दोन्हींवरचा नंबर आणि पायांची मांडणी तंतोतंत जुळत असेल तरच अदलाबदल करून बघा. गाडी लागली आणि हॉर्न मुका झाला, तर दोषी सापडला. रिले दीड-दोनशेची वस्तू आहे, हॉर्नशिवाय लक्ष्मी रोडला जायची वेळ आणू नका.

रिले ठीक असेल तर सेल्फवरची बारीक वायर. टेस्ट लॅम्पचा चिमटा इंजिनच्या धातूला, टोक त्या वायरीच्या जोडावर, आणि सेल्फ मारा. लॅम्प लागला म्हणजे हुकूम पोचतोय, आणि जाड वायरही चाचणीत पास झाली असेल तर सेल्फ उतरवायची वेळ आली. लॅम्प लागला नाही तर मागे मागे जायचं: वायर, क्लचचा स्विच, इग्निशन स्विच. पार्किंगमधले उंदीर वायरिंगचं आवरण फार आवडीने खातात. बॅटरीच्या ट्रेखाली आणि इंजिनच्या मागच्या भिंतीला टॉर्च मारून लेंड्या दिसतात का ते बघा.

सेल्फ पाना-दांड्याने हलकेच ठोकून बघतात, ते खोटं नाही. कार्बन झिजले की कॉम्युटेटरला, म्हणजे आर्मेचरवरच्या तांब्याच्या पट्ट्यांना, टेकत नाहीत, ठोकल्यावर हलून टेकतात आणि गाडी लागते. पण ही फक्त घरी पोचायची सोय. ठोकल्यावर लागली म्हणजे आता कार्बन बदलायचे, एवढंच कळतं. हलकेच म्हणजे हलकेच. आत काही सेल्फमध्ये चुंबक चिकटवलेले असतात, जोरात मारलं की तडकतात. मोटर गर्रर करून फिरल्याचा आवाज येतो पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स (सेल्फचा इंजिनात अडकणारा गिअर) गेलं, किंवा तो ज्यात अडकतो त्या फ्लायव्हीलच्या रिंगचे दात. स्क्रूड्रायव्हरने सोलेनॉइडचे दोन बोल्ट जोडून सेल्फ फिरवताना तुम्ही मेकॅनिकला पाहिलं असेल. तुम्ही करू नका. गाडी गिअरमध्ये असेल तर ती समोरच्याच्या अंगावर जाते, आणि समोर तुम्हीच असता.

सेल्फ उतरवला तर लगेच नवा घेऊ नका. नाना पेठेत कार्बन, बुश, बेंडिक्स, सोलेनॉइड सुटे मिळतात, आर्मेचर शाबूत असेल तर दुरुस्ती नव्याच्या किमतीच्या बऱ्याच खाली बसते. आर्मेचर जळलेलं असेल, तारांवरचं वॉर्निश काळं पडून करपट वास येत असेल, तर मात्र मी स्वतः नवाच लावायला सांगते.

पाण्यात गेलेली गाडी

२५ जुलै २०२४ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडवर एकता नगरीत ते पार्किंगमध्ये शिरलं, तेव्हा लोकांनी पाणी ओसरताच पहिली गोष्ट केली ती म्हणजे सेल्फ मारणं. नेमकं तेच करायचं नसतं. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉकही फुटतो. गाडी पाण्यात उभी होती किंवा पाण्यातून जाताना बंद पडली, तर बॅटरीचा मायनस काढा, चावीला हात लावू नका, टोइंग बोलवा. एअर फिल्टरचा डबा उघडून बघा, फिल्टर ओला असेल तर समजून जा. ऑइलची पट्टी काढा, तेल दुधाळ किंवा पातळी वाढलेली दिसली तर आत पाणी आहे. पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग काढून मगच इंजिन हाताने फिरवतात. डिझेलचं काम गॅरेजवरच सोडा. आणि पाणी आत गेल्यावर सेल्फ मारून इंजिन मोडलं, तर साध्या विम्यात ते बहुधा बसत नाही, इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. पॉलिसी आत्ताच काढून बघा.

पाण्याचा संबंध नसेल आणि तरी इंजिन जाम वाटत असेल, तर चावी काढून, गिअर न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन फिरवून बघतात, बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. जोर लागतो, पण फिरतं. नाहीच फिरलं तर बेल्ट उतरवून पुन्हा बघा. एसीचा कॉम्प्रेसर किंवा अल्टरनेटर जाम असला तरी इंजिन अडलेलं वाटतं, आणि ते दुखणं बरंच स्वस्त आहे.

जंप आणि धक्का

जंप देताना लाल चिमटा आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडाला ठिणगी पडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ती ठिणगी तिथे नको. चांगली गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. एका वेळी पाच-दहा सेकंदांच्या वर नाही, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. ऑनलाइन मिळणाऱ्या सुतळीसारख्या बारीक केबल्स फक्त गरम होतात. जंप देऊनही व्होल्टेज कोसळतच असेल तर बॅटरी सोडून सेल्फकडे आणि इंजिनकडे बघा.

धक्का फक्त मॅन्युअलला. इग्निशन चालू, दुसरा गिअर, वेग आल्यावर क्लच सोडा. ऑटोमॅटिक आणि एएमटी धक्क्याने लागत नाहीत. आणि बॅटरी पार शून्य असेल तर मॅन्युअलही लागणार नाही, कारण ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आणि पेट्रोलचा पंप चालायलाही व्होल्ट लागतात.

गाडी लागली की लगेच मीटर बॅटरीवर ठेवा. १३.८ ते १४.५ दिसायला हवेत, लाइट आणि एसी लावूनही १३.५च्या आसपास टिकायला हवेत. काही नव्या गाड्यांत चार्जिंग ईसीयू ठरवतो, तिथे आकडा मधूनच खाली दिसतो, तेवढ्यावर घाबरू नका. पण आकडा १२.४वर येऊन हळूहळू घसरतच असेल तर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये, आणि नवी बॅटरीही दोन दिवसांत बसणार. पार बसलेली बॅटरी अर्धा तास इंजिन चालू ठेवून भरत नाही, धायरीहून स्वारगेटपर्यंत ट्रॅफिकमध्ये रांगूनही नाही. ती बाहेर काढून चार्जरवर हळूहळू, रात्रभर भरायची.

सगळं ठीक, तरी तीन-चार दिवस उभी राहिली की बसते, अशी गाडी असेल तर ती बंद असताना करंट खातेय. मायनस काढा, मीटर १० अँपियरच्या सॉकेटवर लावून खुंट आणि वायर यांच्या मध्ये जोडा. मीटर असा मध्ये असताना सेल्फ अजिबात मारू नका, मीटर जातो. दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करून ठेवा, गाडी लॉक करा, आणि अर्धा-पाऊण तास थांबा, कारण आतली यंत्रं झोपायला वेळ घेतात. ०.०५ अँपियरच्या आत आलं तर ठीक. ०.३ दिसत असेल तर दिवसाला सात अँपियर-तासांच्या वर जाताहेत, म्हणजे ४५ अँपियर-तासांची बॅटरी तीन दिवसांत अर्धी. एकेक फ्यूज काढत जा, आकडा ज्याने पडतो तिथे चोर. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत तो बहुतेकदा मागाहून बसवलेला डॅशकॅम किंवा जीपीएस निघतो, ज्याची वायर बसवणाऱ्याने इग्निशनवर न घेता थेट बॅटरीवर घेतलेली असते. ती इग्निशनच्या फ्यूजवर हलवून घ्यायला अर्धा तास लागतो.